तीन डॉक्टर, तीन मतं: तान्ह्या बाळाच्या तापात जंतुसंसर्ग पकडायचा कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगी ३८ दिवसांची. चार दिवसांपूर्वी रात्री अंग तापलं, घरच्या थर्मामीटरवर १०१ आला. गावातल्या डॉक्टरांनी तापाचं औषध आणि सोबत एक अँटिबायोटिक सिरप दिलं. ताप उतरेना म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही तालुक्याला गेलात. तिथे पिशवी लावून लघवी घेतली, पस सेल्स (पूच्या पेशी) निघाल्या, आणि काल कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीच्या, रिपोर्टात 'तीन प्रकारचे जंतू' आले. शहरातले तिसरे डॉक्टर म्हणतात, ॲडमिट करा; लघवी नळीने परत घेऊ, रक्ताचं कल्चर करू, कदाचित मेंदूज्वर नाही ना हे पाहायला पाठीतलं पाणीही काढावं लागेल. तुमचं म्हणणं, एवढ्याशा जिवाला इतकी टोचाटोची कशाला, आणि बॅक्टेरियल की व्हायरल हे एका टेस्टमध्ये का सांगता येत नाही?

पहिली गोष्ट, माझं उत्तर पुरतं वाचत बसू नका. तिसऱ्या डॉक्टरांकडे आजच जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप, अर्धवट अँटिबायोटिक आणि भरवसा न ठेवता येणारं लघवीचं कल्चर, हे तिन्ही एकत्र असताना मीही तेच सांगितलं असतं. बाकीचं दवाखान्यात बाकावर बसून वाचा.

मी बावीस वर्षं जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतोय. मोठ्या मुलाला ताप आला की अर्धं निदान मी दारातच करतो. बिस्किट हातात आहे का, आईच्या पदराआडून माझ्याकडे बघतोय का, स्टेथोस्कोप ओढतोय का? तुमच्या लेकीच्या बाबतीत यातलं काहीच उपयोगाचं नाही. बाळाला ओळखीचं हसू फुटतं साधारण दीड महिन्याला. त्याआधी 'हसतंय-खेळतंय, म्हणजे बरं आहे' हा निकष लावायचा कशाला? या वयाचं बाळ रक्तात जंतू असतानाही शांत झोपलेलं, गुलाबी, दूध ओढणारं दिसू शकतं, आणि सहा तासांनी निपचित पडतं. म्हणून तान्ह्याच्या तापात आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही. हा आमच्या भित्रेपणाचा भाग नाही, त्या वयाचा स्वभावच तसा आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: बरी दिसणारी, फक्त ताप असलेली शंभर तान्ही बाळं समोर आली, तर त्यातली जंतुसंसर्गाची मोजकी बाळं कशी वेगळी काढायची, आणि उरलेल्यांना विनाकारण टोचल्याशिवाय घरी कसं पाठवायचं?

अमेरिकेत २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २६ रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांत ताप घेऊन आलेली, दोन महिन्यांपर्यंतची १,८२१ बाळं त्यात होती. १७० बाळांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग निघाला, म्हणजे शंभरात नऊ. त्यातल्या तब्बल १५१ जणांना तो लघवीत होता, २६ जणांच्या रक्तात आणि १० जणांना मेंदूच्या आवरणात. काहींना दोन ठिकाणी होता म्हणून बेरीज जास्त भरते. हे आकडे ठोकताळा म्हणून लक्षात ठेवा. नव्वदेक बाळांचा ताप बहुतेक व्हायरल असतो आणि आपोआप जातो. पण ज्यांचा नसतो, त्यांच्यात दहातल्या जवळजवळ नऊ वेळा चोर लघवीत सापडतो. आणि लघवी हाच असा नमुना आहे, जो आपल्याकडे सगळ्यात गबाळेपणाने घेतला जातो.

आता तुमच्या 'तीन प्रकारच्या जंतूं'कडे येऊ. लघवीचा खरा संसर्ग जवळजवळ नेहमी एकाच जातीच्या जंतूचा असतो, बहुतेकदा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा. तीन जाती एकत्र उगवल्या की त्याचा अर्थ लघवी वाटेत कातडीला, शीला लागली. पिशवी चिकटवायची, बाळ तासभर तसंच, लघवी पिशवीत साचून मांड्यांना लागतेय, मग नर्सबाईंना वेळ झाला की पिशवी काढून बाटलीत ओतायची. त्या बाटलीत बाळाच्या मूत्राशयाचं किती आणि लंगोटाचं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पिशवीच्या नमुन्याचा उपयोग एकच: तो अगदी स्वच्छ निघाला तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हावं. खराब निघाला तर त्याला काही किंमत नाही, परत घ्यायला हवा. तिसरे डॉक्टर नळीने परत घेऊ म्हणतात ते पैसे काढायला नाही.

नळी म्हणजे बारीक, मऊ कॅथेटर. दोन मिनिटांचं काम. बाळ रडतं, हो. पण नळी टाळायची असेल तर दुसरी एक युक्ती आहे, आणि ती आमच्या वॉर्डात रोज चालते. बाळाला पोटभर पाजायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी जागा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यायची. आजीने किंवा मावशीने बाळाला काखेत धरून उभं लोंबतं ठेवायचं. सिस्टर ओटीपोटावर, मूत्राशयाच्या जागी, दोन बोटांनी हलकं टकटक करतात, अर्ध्या मिनिटाने कमरेच्या खाली पाठीवर अंगठ्यांनी गोल चोळतात, परत टकटक. दुसऱ्या हाताशी निर्जंतुक बाटली उघडी तयार. धार सुटली की पहिले थेंब जाऊ द्यायचे आणि मधली धार बाटलीत झेलायची. पहिल्या खेपेला ती हमखास सिस्टरांच्या ॲप्रनवर जाते. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ साली आणखी सोपी पद्धत तपासली: गार सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने ओटीपोट गोलगोल चोळायचं. एक महिना ते एक वर्षाच्या ३५४ बाळांत, पाच मिनिटांच्या आत लघवी झाली ती अशा चोळण्याने ३१ टक्क्यांना, नुसती वाट पाहणाऱ्या गटात १२ टक्क्यांना. म्हणजे दर वेळी जमतंच असं नाही. बाळ मलूल असेल, अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं असेल, तर मी धारेची वाट बघत बसत नाही, सरळ नळी घालतो.

या बाबतीत माझीही एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पाच आठवड्यांचा एक मुलगा आला होता. ताप, बाकी छान. मी पिशवीची लघवी पाठवली, पस सेल्स दिसल्या, अँटिबायोटिक सुरू केलं. कल्चरमध्ये सरमिसळ आली, पण ताप उतरला होता. दहा दिवस औषध दिलं, आई-बाप खूश, मीही. खरंच संसर्ग होता की नव्हता हे तेव्हा ठरवता आलं नाही, म्हणून सोनोग्राफीचा आग्रहही धरला नाही. तीन महिन्यांनी पोरगा परत तापला. या वेळी नळीने नमुना घेतला: निखळ ई. कोलाय. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड फुगलेलं, पुढच्या तपासणीत लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत असल्याचं दिसलं. पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं जास्त दिली असती, तर हे तीन महिने आधी कळलं असतं. त्यानंतर आमच्याकडे तान्ह्यांच्या कल्चरसाठी पिशवी वापरत नाहीत.

लघवीबद्दल अजून दोन बारकावे, कारण रिपोर्ट हातात आला की पालक गूगल करतात. 'नायट्राइट निगेटिव्ह' पाहून निर्धास्त होऊ नका. जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी मूत्राशयात तीन-चार तास साचावी लागते, आणि तान्ही बाळं तेवढा वेळ थांबतात कुठे? पॉझिटिव्ह आलं तर मात्र गांभीर्याने घ्यायचं. दुसरं, बाटली घेतल्यापासून तासाभरात लॅबमध्ये लागायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये. एप्रिल-मेच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीतून तीन तासांनी पोचलेल्या बाटलीत जंतू कित्येक पटींनी वाढलेले असतात.

ताप मोजण्याबद्दलही थोडं. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी चालू, बाळ दुपट्यात घट्ट, कानटोपी, पायमोजे, वर ब्लँकेट. असं बाळ गरम लागणारच. वरचे कपडे काढून पंधरा-वीस मिनिटांनी काखेत डिजिटल थर्मामीटर लावा. लहान बाळांसाठीच्या आपल्या राष्ट्रीय पद्धतीत काखेतलं ९९.५ फॅरनहाइट आणि त्यावर म्हणजे ताप धरतात. गुदद्वारातलं मोजाल तर १००.४. कपाळावर रोखायच्या पिस्तुलावर या वयात मी निर्णय घेत नाही. आणि अंग गार पडणं हे तान्ह्यात तापाइतकंच वाईट. तुमच्याकडचा १०१ घरी, थर्मामीटरवर मोजलेला आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत तो उतरला असला, तरी तो खरा मानूनच पुढे जायचं.

एक बरं झालं, हा ताप ३४व्या दिवशी आला. आठ-दहा दिवसांनी आला असता तर सगळ्यांनी 'दीड महिन्याच्या लसीच्या डोसाचा ताप' म्हणून सोडून दिला असता. डोसाने ताप येतोच, आणि बहुतेक तो एक-दोन दिवसांत जातो. पण डोस घेतलेल्या बाळालाही लघवीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून या वयात निदान लघवी तरी मी तपासतोच.

रक्ताकडे वळू. पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्यावर तान्ह्यांत फारसा भरवसा नसतो. आठ हजारांवरही जंतुसंसर्ग निघतो आणि अठरा हजारांवर साधी सर्दी. सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, चढायला बारा तास तरी लागतात. ताप येऊन तीन तास झालेत आणि सीआरपी नॉर्मल, म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. सीआरपीत एक फसगत मी दर महिन्याला पाहतो. एका लॅबमध्ये तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये छापतात, दुसरीत प्रति डेसिलिटरमध्ये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली धोक्याची रेषा लिटरला २० धरली. डेसिलिटरमध्ये तीच २ होते. रिपोर्टावर नुसता '३' दिसला तर तो एका लॅबचा निवांत आकडा आहे आणि दुसऱ्या लॅबचा घंटा वाजवणारा. आकड्याच्या शेजारचं एकक वाचा. लॅबवाल्यांना न विचारता 'नॉर्मल आहे' म्हणणारे डॉक्टरही मी पाहिलेत.

प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ताचीच दुसरी टेस्ट चार-सहा तासांत चढते, म्हणून ताज्या तापात ती जास्त कामाची. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती आपोआपच वाढलेली असते, तुमच्या लेकीला तो मुद्दा लागू नाही. अडचण दुसरी. तालुक्याला ती सहसा होत नाही, नमुना शहरात जातो आणि उत्तर उद्या येतं. उद्या येणारं उत्तर आज रात्रीचा निर्णय घ्यायला कसं वापरणार? 'फीवर प्रोफाइल' नावाचं पॅकेज घेऊ नका एवढं जरूर सांगेन. ३८ दिवसांच्या बाळाची विडाल (टायफॉइडची) टेस्ट करून घेतलेले रिपोर्ट माझ्या टेबलावर येतात. त्यातून काय शोधायचं होतं, हे लिहून देणाऱ्यालाच ठाऊक.

रक्ताच्या कल्चरचं यश सुई टोचणाऱ्याच्या हातात असतं. बाळाच्या रक्तात जंतू फार विरळ असू शकतात. बाटलीत निदान एक मिली रक्त जावं लागतं. शीर सापडेना म्हणून चार-पाच थेंबांवर भागवलं, तर 'नो ग्रोथ' हा रिपोर्ट येणारच आणि सगळे खोट्या समाधानाने घरी जातात. कातडी नीट पुसून ती वाळू द्यायची, आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या आधी. चांगल्या यंत्रावर खरा जंतू बहुतेक २४ ते ३६ तासांत उगवतो. म्हणून 'दोन रात्री ठेवू, काही उगवलं नाही आणि बाळ ठणठणीत असेल तर सोडू' असं सांगणारे डॉक्टर बिल वाढवत नसतात, ते बाटलीची वाट बघत असतात.

इतकं सगळं हाताशी असलं की त्या अमेरिकन अभ्यासाने बांधलेला नियम वापरता येतो. लघवी स्वच्छ, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) ४,०९० किंवा त्याहून कमी, आणि प्रोकॅल्सिटोनिन १.७१ किंवा कमी, तर गंभीर संसर्गाची शक्यता फारच थोडी. नियमाने १७०पैकी जवळजवळ सगळी बाळं पकडली आणि निरोगी बाळांतल्या बऱ्याच जणांना टोचणीतून वाचवलं. तरी मी तो आंधळेपणाने लावत नाही. तिकडच्या बाळांवर, तिकडच्या जंतूंवर तो बेतलेला आहे. आपल्याकडचं चित्र वेगळं. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ साली आला, त्यात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे हट्टी जंतू वरच्या क्रमांकांवर होते, आणि बऱ्याच औषधांना दाद न देणारे. जन्मानंतर नवजात कक्षात राहिलेल्या बाळाला महिन्याभरात ताप आला, तर माझी सावधगिरी दुप्पट होते. तुमची मुलगी कुठे जन्मली, कक्षात होती का, पूर्ण दिवसांची होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती, ते पाठीतलं पाणी. 'पाणी काढलं की पोर पांगळं होतं' हे मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ आहे. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमध्ये, बारीक सुई जाते. पांगळेपणा येतो तो वेळेत न ओळखलेल्या मेंदूज्वराने, आणि दोष जातो सुईला. पण प्रत्येक बाळाला ते लागतं का? नाही. २१ दिवसांच्या आत मी जवळजवळ नेहमी काढतो. २२ ते २८ दिवसांत रक्ताचे आकडे पाहून ठरवतो. २९ दिवसांनंतर बाळ बरं दिसतंय आणि सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, न्यूट्रोफिल तिन्ही ठीक असतील तर लघवीत संसर्ग असला तरी मी सहसा काढत नाही.

मग तुमच्या ३८ दिवसांच्या लेकीला का सुचवलं? कारण ते सिरप. हे सगळे नियम औषध न घेतलेल्या बाळांवर तयार झालेत. दोन-चार डोस पोटात गेले की लघवीतले आणि रक्तातले जंतू कल्चरपुरते दबतात, पण संसर्ग पुरता मेला असं नसतं. पाठीच्या पाण्यातल्या पेशी आणि प्रथिनं मात्र इतक्या लवकर पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे अर्धवट औषधानंतर तो एक पुरावा टिकून राहतो. सीआरपी खूप चढलेला असेल, बाळ चिडचिडं असेल, टाळू फुगलेली वाटत असेल, तर परवानगी द्या. आकडे शांत असतील आणि डॉक्टर 'थांबून बघू' म्हणाले, तर तेही चुकीचं नाही. इथे दोन चांगले डॉक्टर वेगळं ठरवू शकतात, आणि समोर बाळ आहे त्यांचं ऐका, माझं नाही.

गावच्या डॉक्टरांवर फार रागावू नका. रात्री अकराला त्यांच्याकडे ना कल्चरची बाटली असते ना सोबत सिस्टर. फक्त सिरप देण्याआधी लघवीची एक बाटली भरून घेतली असती किंवा सरळ पुढे पाठवलं असतं, तर आज तीन मतं झाली नसती.

एकच टेस्ट का नाही? लोक शोधतायत. २०१६ साली दोन गटांनी दाखवलं की जंतू शोधण्याऐवजी बाळाच्याच पांढऱ्या पेशींतली कुठली जनुकं जागी झालीत हे वाचलं, तर व्हायरस आणि जिवाणू बऱ्यापैकी वेगळे करता येतात. एका गटाने तर दोनच जनुकांवर भागवून दाखवलं. कल्पना सुरेख आहे. माझ्या टेबलावर ती अजून पोचलेली नाही.

आणि जिथे लॅबच नाही तिथलं उदाहरण आपल्या घरातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं ओढणं कमी झालंय का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय लुळे पडलेत का, अंग गार आहे का, छाती आत ओढली जातेय का, असल्या खुणांवरून त्या संसर्ग ओळखून घरातच उपचार सुरू करत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते काम आलं, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी त्याच वाटेवरच्या आहेत, शेवटची ४२व्या दिवशी. म्हणून आई 'कालपासून अंगावर नीट ओढत नाही' म्हणाली, की मी सीआरपी कितीही छान असला तरी बाळाला घरी पाठवत नाही.

आज तुम्ही करायचं ते असं. सिरपची बाटली, तिचं खोकं आणि किती डोस किती वाजता दिले याची चिठ्ठी सोबत न्या. पिशवीचा रिपोर्ट दाखवा, पण त्यावरून कुणी औषध ठरवत असेल तर नळीच्या नमुन्याचा आग्रह धरा. पुढचं अँटिबायोटिक रक्त आणि लघवीचं कल्चर घेतल्यावर चढू द्या. मात्र बाळ निपचित असेल, ओढत नसेल, झटके येत असतील तर कशासाठीही थांबू नका, औषध आधी. लघवीत संसर्ग पक्का ठरला तर घरी सोडण्याआधी सोनोग्राफीचं विचारा. आणि सिस्टरांना एवढं जरूर विचारा, की बाटली भरली किती वाजता आणि लॅबमध्ये लागली किती वाजता. रिपोर्ट आला की लिहा, पाहतो.